ट्यूना, दुधाचे दात आणि अणुबॉम्ब

गेल्या अंकात 2024 च्या शांततेच्या नोबेलबद्दल चार ओळींची चौकट छापली होती. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या निहोन हिदान्क्यो ह्या जपानी संघटनेला ते मिळालं, एवढंच होतं तिच्यात. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आली की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काही प्रश्न एकत्र केलेत, काहींची धार मुद्दाम तशीच ठेवलीय.

प्रश्न: बॉम्ब पडले 1945 ला आणि ही संघटना म्हणे 1956 ची. मधली अकरा वर्षं हे लोक गप्प का होते? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

सर, गप्प बसले नव्हते, बसवले होते. 1952 पर्यंत जपान अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे बॉम्बने नेमकं काय केलं हे मोकळेपणी छापायचं म्हटलं की सेन्सॉर आडवा यायचा. त्यात घरची अडचण वेगळीच. बॉम्बातून वाचलेली मुलगी म्हटलं की स्थळं यायची बंद, मुलगा असेल तर नोकरी देताना कुरकुर, म्हणून कित्येकांनी स्वतःच्या नवऱ्याला-बायकोलासुद्धा सांगितलं नाही. 1945 संपेपर्यंत हिरोशिमात साधारण 1 लाख 40 हजार आणि नागासाकीत 70 हजारांच्या वर माणसं गेली होती, जे उरले त्यांच्यातले खूपसे आजारी, आणि त्यांच्या उपचारासाठी वेगळा कायदा आला तो 1957 ला.

पण गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, देशभर चळवळ पेटली ती हिरोशिमामुळे नाही, माशांमुळे. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर कॅसल ब्राव्हो नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज होता 6 मेगाटनचा, फुटला 15 मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर दाइगो फुकुर्यू मारू नावाची ट्यूना पकडणारी बोट होती, तिच्यावर 23 खलाशी, त्यांच्या अंगावर काही तास पांढरी राख पडत राहिली, हे काय पडतंय तेच त्यांना कळेना. दोन आठवड्यांनी याइझू बंदरात परत आले तोवर सगळेच आजारी पडलेले, आणि रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारला. बोटीवरचे मासे मात्र बाजारात पोचले होते! मग किरणोत्सार मोजणारं गायगर काउंटर लावून मासे तपासायला लागले, तपासून पुरायला लागले, लोक ट्यूनाला हात लावेनात, कोळ्यांचा आणि मासेवाल्यांचा धंदा बसला. उद्या सुरमई-बांगड्याबद्दल अशी बातमी आली तर तुमच्या चिपळूणच्या बाजारात काय होईल ते डोळ्यासमोर आणा, तसं.

टोकियोच्या सुगिनामी भागात बायकांचं एक वाचनमंडळ होतं, तिथे आणि मासेवाल्यांच्या घरांतून हा विषय निघाला आणि त्यांनी हायड्रोजन बॉम्बविरोधात सह्या गोळा करायला घेतल्या. काओरू यासुई नावाचे कायद्याचे प्राध्यापक तिथलं सार्वजनिक सभागृह चालवायचे, त्यांनी त्याला शिस्त लावली. ह्या बायका दारोदार फिरल्या, बाजारात, शाळेच्या गेटवर, आंघोळीच्या सार्वजनिक घरांमध्ये. हे लोण देशभर गेलं आणि ऑगस्ट 1955 पर्यंत सह्या झाल्या तीन कोटींच्या वर, आणि तेव्हा जपानची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती. त्याच ऑगस्टमध्ये हिरोशिमाला बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली, वाचलेले लोक त्या व्यासपीठावर येऊन बोलले, आणि पुढच्या वर्षी 10 ऑगस्टला नागासाकीत हिदान्क्यो उभी राहिली. म्हणजे मासळीबाजाराने आधी दार उघडलं, मग हे लोक आत आले. 1982 ला त्यांच्यातलेच सेन्जी यामागुची संयुक्त राष्ट्रांत भाषणाला उभे राहिले तेव्हा भाजलेल्या स्वतःच्या शरीराचा फोटो त्यांनी सगळ्या देशांसमोर धरला होता. आता असे वाचलेले लोक लाखाच्या आसपास उरलेत आणि त्यांचं सरासरी वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलंय, त्यामुळे नोबेल उशिरा दिलं ही तुमच्यापैकी कित्येकांची तक्रार मला अगदी मान्य आहे.

प्रश्न: रागावू नका, पण मोर्चे काढून, मेणबत्त्या लावून, सह्या करून आजपर्यंत एक तरी बॉम्ब कमी झालाय का? बॉम्ब कमी होतात ते महासत्तांच्या हिशोबाने. (सॉफ्टवेअर इंजिनियर, हिंजवडी)

रागवत नाही, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडायचा. मेणबत्तीने काही होत नाही हे पहिलंच कबूल. पण ह्या चळवळीतले जे लोक जिंकले ना, ते मेणबत्तीवर थांबले नव्हते, त्यांनी बॉम्ब लोकांच्या स्वयंपाकघरात आणून दाखवला. अमेरिकेतल्या सेंट लुईसचं उदाहरण घ्या, माझं सगळ्यात लाडकं.

1950 च्या दशकात अमेरिका, रशिया, ब्रिटन उघड्या हवेत धडाधड चाचण्या करत होते आणि काही धोका नाही म्हणून सांगत होते. आता चाचणीतून स्ट्रॉन्शियम-90 नावाचा किरणोत्सारी पदार्थ निघतो, तो कॅल्शियमसारखा वागतो, म्हणजे पावसाबरोबर गवतावर, गवतातून गायीत, गायीतून दुधात, आणि दुधातून पोराच्या हाडात नि दातात जाऊन बसतो. हे सिद्ध कसं करायचं? जिवंत पोराचं हाड तर काढून बघता येत नाही. पण दुधाचे दात आपोआप पडतात की! सेंट लुईसमधल्या शास्त्रज्ञांनी आणि साध्या नागरिकांनी मिळून डिसेंबर 1958 पासून पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली, डॉक्टर लुईस रीस ह्या बाईंनी पहिली काही वर्षं ते काम चालवलं. दात पाठवला की पोराला बिल्ला मिळायचा, त्यावर लिहिलेलं असायचं की मी माझा दात विज्ञानाला दिला. सगळे मिळून तीन लाखांच्या वर दात जमले. आणि निघालं काय, तर जसजशा चाचण्या वाढल्या तसतसं त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातातलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं, 1963 ला जन्मलेल्यांमध्ये तर 1950 वाल्यांच्या पन्नासपट.

सुरुवातीचे निकाल 1961 लाच छापून आले होते. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला अमेरिकेतल्या साठेक शहरांमधून हजारो बायका घरकाम-ऑफिस सोडून रस्त्यावर उतरल्या, डॅगमार विल्सन आणि बेला ॲबझग ह्यांनी उभं केलेलं आंदोलन, मागणी साधी, आमच्या पोरांच्या दुधात विष नको. त्याआधी 1958 लाच लायनस पॉलिंग ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने अकरा हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या संयुक्त राष्ट्रांत नेऊन दिल्या होत्या. आणि 5 ऑगस्ट 1963 ला अमेरिका, रशिया, ब्रिटनने हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला. फक्त दातांमुळे केला का? नाही हो, त्याच्या आदल्याच वर्षी क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया दोघंही अणुयुद्धात मरता मरता वाचले होते. पण त्या दुधाची भीती घराघरात बसली नसती तर अमेरिकन सिनेटमध्ये हा करार पास करून घेणं राष्ट्राध्यक्ष केनेडीला इतकं सोपं गेलं नसतं, हे माझं मत. आणि करार अर्धाच होता हेही खरं, चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि पुढे दणक्यात चालू राहिल्या.

दुसरं उदाहरण कझाकस्तान. तिथे सेमिपालातिन्स्कला रशियाने चाळीस वर्षांत साडेचारशेच्या वर चाचण्या केल्या, आजूबाजूच्या गावांना कोणी विचारलंसुद्धा नाही. फेब्रुवारी 1989 ला जमिनीखालच्या चाचण्यांमधून किरणोत्सारी वायू बाहेर आला, आणि ओल्झास सुलेमेनोव हा कवी टीव्हीवर बोलायला बसला होता, त्याने ठरलेला विषय बाजूला ठेवून सरळ हीच बातमी सांगितली आणि लोकांना लेखक संघाच्या इमारतीत बोलावलं. 28 फेब्रुवारीला हजारो लोक जमले. तिथून नेवाडा-सेमिपालातिन्स्क नावाची चळवळ निघाली, नावात नेवाडा अशासाठी की अमेरिकेच्या चाचण्या तिथे व्हायच्या आणि तिथले लोकही भोगत होते. त्या वर्षी ठरलेल्या बऱ्याचशा चाचण्या रद्द कराव्या लागल्या, ऑक्टोबर 1989 नंतर तिथे एकही झाली नाही, आणि 29 ऑगस्ट 1991 ला ते केंद्र कायमचं बंद. सोव्हिएत युनियन अजून शिल्लक असताना, हे लक्षात घ्या.

आणि आकडाच हवा असेल तर 1986 च्या आसपास जगात सत्तर हजाराच्या घरात अण्वस्त्रं होती, आज बारा हजाराच्या आसपास आहेत. ह्याचं सगळं श्रेय मोर्च्यांना देणारा माणूस भोळा आणि काहीच न देणाराही भोळाच. ग्रीनहॅम कॉमनवरच्या बायकांचंच घ्या. इंग्लंडमधल्या त्या हवाई तळावर अमेरिकेची 96 अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं येणार होती, म्हणून ऑगस्ट 1981 ला कार्डिफहून छत्तीसेक बायका काही पुरुष आणि पोरांना घेऊन चालत निघाल्या, तिथे पोचल्यावर सरकारने चर्चा नाकारली तर तिथेच चिखलात तंबू ठोकून बसल्या. 12 डिसेंबर 1982 ला तीस हजार बायकांनी हातात हात घालून नऊ मैलांचं अख्खं कुंपण वेढलं, त्यावर पोरांचे कपडे आणि फोटो अडकवले. नववर्षाच्या पहाटे 44 जणी कुंपणावर चढून आत गेल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या सायलोवर नाचल्या. तरीही 1983 ला क्षेपणास्त्रं आलीच! मग हरल्या का? 1987 ला रेगन-गोर्बाचेव्हनी करार करून हा अख्खा प्रकारच रद्द केला, 1991 ला शेवटचं क्षेपणास्त्र तळावरून गेलं, आणि काही बायका तरीही 2000 पर्यंत तिथेच. करार महासत्तांनीच केला, बरोबर आहे तुमचं, पण क्षेपणास्त्रांचा विषय युरोपात रोजच्या राजकारणाचा करून ठेवला होता तो ह्यांनी. तो करार 2019 ला मोडीत निघालाय हेही सांगून टाकते, म्हणजे मी बाजू घेऊन लिहिते असं वाटायला नको.

प्रश्न: टी-शर्टवर असतो तो गोल आणि आत कावळ्याच्या पायासारखा पीस साइन, तो हिप्पी लोकांचा ना? (कॉलेजकन्यका, कोल्हापूर)

हिप्पींनी नंतर उचलला. तो काढला जेराल्ड होल्टम ह्या ब्रिटिश कलाकाराने 1958 ला, लंडनहून ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र कारखान्यापर्यंत निघालेल्या ईस्टरच्या मोर्च्यासाठी. चार दिवस, पन्नास मैल, थंडी-पाऊस. झेंडे धरून खुणा करायची जी सेमाफोर पद्धत असते तिच्यातली दोन अक्षरं त्याने एकावर एक ठेवली आणि भोवती गोल काढला. कोणी कॉपीराइट घेतला नाही, म्हणूनच तो तुझ्या टी-शर्टवर फुकट आहे.

प्रश्न: ही सगळी रशियाच्या पैशावर चाललेली कम्युनिस्टांची नाटकं होती असं आम्ही तरुणपणी ऐकायचो. त्यात तथ्य किती? (एक काका, डोंबिवली)

काका, थोडं तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 1950 चं स्टॉकहोम आवाहन, ज्यावर जगभर कोट्यवधी सह्या झाल्या, ते ज्या जागतिक शांतता परिषदेने काढलं ती मॉस्कोच्या वजनाखाली होती आणि रशियन बॉम्बबद्दल तिचा आवाज बारीक व्हायचा. जपानमध्ये ह्यावरूनच घर फुटलं. रशियाने 1961 ला पुन्हा चाचण्या सुरू केल्या तेव्हा निषेध करायचा की नाही ह्यावर इतकं भांडण झालं की 1965 पर्यंत चळवळीचे दोन तुकडे झाले, एकाचं नाव गेन्सुइक्यो, दुसऱ्याचं गेन्सुइकिन, कम्युनिस्ट एकीकडे आणि समाजवादी दुसरीकडे. हिदान्क्योलाही त्याचे चटके बसले. वाचलेली माणसं बाजूला आणि पक्षांची भांडणं पुढे, हे आपल्याला काही नवीन नाही.

पण म्हणून सगळेच मॉस्कोचे कसे होतील? सीएनडी ह्या ब्रिटनच्या अण्वस्त्रविरोधी संघटनेचा अध्यक्ष, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, तो दोन्हीकडच्या बॉम्बवर तुटून पडायचा. अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि रशियाचे येवगेनी चाझोव्ह हे दोन हृदयरोगतज्ज्ञ, ह्यांनी 1980 ला दोन्हीकडच्या डॉक्टरांची संघटना काढली आणि सांगितलं की अणुयुद्ध झालं तर आमच्याकडे इलाज नाही, हॉस्पिटलच राहणार नाहीत. 1985 चं नोबेल त्यांना. आणि आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी, हो, तेच इतिहासवाले आणि गणितवाले, ते 1950 च्या दशकात ह्या जागतिक शांतता चळवळीत होते. डावे होतेच, लपवलं कधी नाही. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचे, जिचे प्रमुख होमी भाभा, आणि तिथे नोकरी करत असतानाच अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेवर पैसा घाला म्हणून भांडायचे. 1962 ला त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. आता ह्याला नाटक म्हणायचं तर म्हणा.

प्रश्न: एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान, दोघांकडे बॉम्ब. आणि हे लोक आम्हाला शस्त्र टाका म्हणून सांगणार? सीमेवर कधी उभे राहिलेत का? (माजी सैनिक, सातारा)

दादा, सीमेवर उभा राहिलेला माणूसच सांगते. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास, 1990 ते 1993 भारताचे नौदलप्रमुख, वीरचक्र मिळालेले, निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळ्याला शेती करत राहिले आणि 2024 ला गेले. 1998 च्या आपल्या पोखरणच्या आणि पाकिस्तानच्या चगाईच्या अणुस्फोटांनंतर ते उघडपणे बॉम्बच्या विरोधात बोलायला लागले. 2000 ला दिल्लीत सीएनडीपी ही अण्वस्त्रविरोधी गटांची देशव्यापी आघाडी झाली, तिच्यातही होते. 2004 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान ह्यांना मिळून दिला गेला. भेकड म्हणता येईल असा हा माणूस नव्हे.

ह्या लोकांचं म्हणणं आपण एकट्यानेच शस्त्र टाका असं नाहीये, सगळ्यांनी मिळून, तपासणीसकट, असं आहे. अमेरिका-रशियामध्ये निदान अर्ध्या तासाचं अंतर असतं, आपल्यात आणि पाकिस्तानात क्षेपणास्त्राला काही मिनिटं, तेवढ्यात समोरून काय येतंय हे ओळखून कोणी निर्णय घ्यायचा? दोघांकडेही पावणेदोनशेच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. 2007 ला ॲलन रोबॉक, ब्रायन टून वगैरे शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की भारत-पाकिस्तानने हिरोशिमाएवढे फक्त शंभर बॉम्ब एकमेकांच्या शहरांवर टाकले तरी पन्नास लाख टन काजळी वर जाईल आणि जगाचं सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, पाऊस घटेल, पिकं जातील. म्हणजे जगाने जो धोका म्हणून अभ्यासाला घेतलाय तो आपणच आहोत.

तुमचं एक म्हणणं मात्र मी खोडणार नाही. बॉम्ब असल्यामुळेच मोठं युद्ध टळतं असं मानणारे आपल्याकडे खूप हुशार लोक आहेत. 1999 ला कारगिल झालंच, हे त्यावर विरोधकांचं उत्तर, आणि कारगिल तेवढ्यावरच थांबलं हे समर्थकांचं प्रत्युत्तर. मला पहिलं जास्त पटतं, तुम्हाला दुसरं पटत असेल.

प्रश्न: ह्या सगळ्यात विनोबांचा काही संबंध होता असं आमचे आजोबा सांगायचे. खरं का? (एक वाचक, वर्धा)

खरंय! 1961 ला जवळजवळ नव्वदीच्या रसेलला लंडनमध्ये अणुबॉम्बविरोधी निदर्शनासाठी तुरुंगात टाकलं. बेंगळुरूच्या एका कॅफेत ही बातमी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन ह्या दोन तरुण सर्वोदयी कार्यकर्त्यांनी वाचली, हा म्हातारा तुरुंगात जातोय आणि आपण काय कॉफी पितोय, असं वाटून ठरवलं की चार अणुराजधान्यांना पायी जायचं. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. विनोबांकडे आशीर्वाद मागायला गेले तर त्यांनी दोन अटी घातल्या, बरोबर पैसा घ्यायचा नाही आणि शाकाहारी राहायचं. खिशात पैसा असला की माणूस हॉटेल शोधतो, नसला की लोकांच्या घरी जावं लागतं आणि बोलावं लागतं, हे त्यामागचं डोकं, टिपिकल विनोबा. 1 जून 1962 ला गांधींच्या समाधीपासून निघाले, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत सोव्हिएत युनियनमध्ये गेले. काळ्या समुद्राजवळ चहाच्या कारखान्याबाहेर एका बाईने त्यांना चहाची चार पाकिटं दिली, चार राजधान्यांमधल्या चार नेत्यांसाठी, निरोप असा की बटण दाबायची वेळ आली तर आधी थांबा आणि एक कप चहा घ्या. पॅरिसला ह्यांना पकडून तुरुंगात टाकलं. इंग्लंडला रसेल भेटला, अमेरिकेला जाणाऱ्या बोटीच्या तिकिटाला त्यानेच हातभार लावला. वॉशिंग्टनला पोचेपर्यंत केनेडी मारला गेला होता, म्हणून ही यात्रा आर्लिंग्टनला त्याच्या थडग्यापाशी संपली.

प्रश्न: 2017 ला अण्वस्त्रबंदीचा करार झाला, पण ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यातल्या एकानेही सही केली नाही. मग कायद्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग काय? (एलएलबी विद्यार्थिनी, नागपूर)

सही न करणाऱ्यावर बंधन नाही, हे तुला माहितीच आहे. करार रेटला तो आयकॅनने, 2007 ला मेलबर्नमधून सुरू झालेलं शेकडो संघटनांचं जाळं. संयुक्त राष्ट्रांत 122 देशांनी बाजूने मत दिलं, नेदरलँड्स एकटा विरोधात, आणि भारतासकट सगळे अण्वस्त्रधारी देश वाटाघाटींना आलेच नाहीत. 22 जानेवारी 2021 पासून लागू. उपयोग दोन ठिकाणी दिसतो. एक पैसा, कारण बंदी असलेल्या शस्त्राच्या कंपन्यांत गुंतवणूक करू नका असं पेन्शन फंडांना आणि बँकांना सांगायला आता कायद्याचा कागद आहे. दुसरं, चाचण्यांनी ज्यांचं वाटोळं झालं त्यांना मदत आणि जमीन साफ करणं हे त्यात लिहिलंय, म्हणजे कझाकस्तान आणि पॅसिफिकमधली बेटं ह्यांचा विषय पहिल्यांदा कलमात आला. मार्शल बेटांनी 2014 ला अण्वस्त्रधारी नऊ देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली होती, त्यातलं एक प्रकरण भारताविरुद्ध होतं, 2016 ला अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळलं गेलं. ते निकालपत्र वाच, मतं अगदी थोडक्यात फुटलीत, मूट कोर्टसाठी बेस्ट आहे.

प्रश्न: 6 ऑगस्टला शाळेत हिरोशिमा दिन करायचाय. पाचवी ते सातवीची मुलं आहेत, काय सांगू? (शिक्षिका, सिंधुदुर्ग)

बाई, भाजलेल्या माणसांचे फोटो नकोत, निदान पाचवीला तरी. मुलं घाबरतात आणि मग काहीच ऐकत नाहीत. कागदी बगळे सगळेच करतात, करा हवं तर. पण दातांची गोष्ट सांगा, त्या वयात प्रत्येकाचा एखादा तरी दात हलत असतो किंवा नुकता पडलेला असतो, आणि गवत-गाय-दूध-दात ही साखळी फळ्यावर काढली की विज्ञानाचा तासही भरून निघतो. सातवीला बोटीची गोष्ट द्या, आणि वर्गात दोन गट करून सुगिनामीसारखं पत्रक लिहायला लावा, फक्त शंभर शब्दांत, शेजारच्या काकूंना कळेल अशा भाषेत. चांगली आलेली पत्रकं सदराच्या पत्त्यावर पाठवा, सप्टेंबरच्या अंकात जागा ठेवते.